पावसाआधीची पालवी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातलं वैशाखातलं ऊन केवळ आभाळातून येत नाही. जमीन धग सोडते, काळे खडक धग सोडतात, वारा झळा घेऊन अंगावर येतो. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, एखाद्या वर्षी ४७ लाही शिवतो. नाले केव्हाच आटलेले असतात. माणसं अकराच्या आत कामं उरकून घरात शिरतात, गुरं सावली धरून रवंथ करतात, वाघ पाणवठ्यात अंग बुडवून बसतो, पाखरं चोची उघड्या टाकून पानांआड गप्प होतात. ज्याला पाय आहेत, पंख आहेत, तो उन्हापासून दूर जातो. झाड मात्र जिथे उगवलं तिथेच उभं असतं, आणि उन्हाच्या याच दिवसांत त्याला पालवी फुटते.

कुसुमाची पालवी ज्याने पाहिली नसेल त्याने चैत्र लागताना विदर्भाच्या रानात एकदा जावं. सागाच्या उघड्या फांद्या, पिवळं पडलेलं गवत, पायाखाली चुरचुरणारा पाचोळा, आणि त्या करड्या पसाऱ्यात मध्येच एक अख्खं झाड लालभडक. दुरून वाटतं, फुललंय. जवळ गेलं की कळतं, ही सगळी पानं आहेत, कोवळी, लोंबती, उन्हात आरपार दिसणारी. मोहाची नवी पानं तांबूस, पिंपळाची तांब्याच्या रंगाची, करंजाची ओल्या हिरव्या चमकेची, पळसाची मखमली लव घेऊन आलेली. तेंदूच्या खोडव्यांवर पानं अशी भरतात की पहाटेपासून गावंच्या गावं तोडणीला रानात उतरतात. पाऊस अजून दीड-दोन महिने दूर असतो. मातीच्या वरच्या थरात बोटभर ओल नसते.

हिशोबी मनाला हे पटत नाही. पाण्याचा सगळ्यात मोठा तुटवडा ज्या दिवसांत, त्याच दिवसांत पाणी पिणारी कोवळी पानं काढायची? शहाणपण तर असं सांगतं की डोळे मिटून ठेवावेत, मृग बरसू द्यावा, मग फुटावं. तसं करणारी झाडंही आहेत. सालई आणि साग हे थांबणाऱ्यांपैकी. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस लागल्याशिवाय ते सहसा भरून पालवत नाहीत. पण या रानातली कितीतरी झाडं न थांबणाऱ्यांपैकी आहेत. ती पावसाच्या आधी निघतात.

हे कसं जमतं, याचं उत्तर पानगळीत आहे. पानगळ म्हणजे झाडाची हार असं वरवर वाटतं. खरं तर ती तयारी असते. उन्हाळा चढू लागला की पानांतून उडून जाणारं पाणी मुळांना पुरं करता येत नाही. खोडातला पाण्याचा साठा खालावत जातो. मग झाड पान आणि फांदी यांच्या सांध्यात पेशींचा एक पातळ थर तयार करतं, तिथून पान अलगद सुटतं. सगळी पानं गेली की पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. खोल गेलेली मुळं मात्र काम करतच असतात. ती खालच्या मुरमातून, खडकाच्या फटींतून जी काही ओल मिळेल ती वर पाठवतात, आणि रिकामं झालेलं खोड दिवसागणिक आतून भरू लागतं. वरून पाहणाऱ्याला ते झाड वाळून गेल्यासारखं दिसतं त्याच आठवड्यांत त्याच्या आत पाणी चढत असतं. ते पुरेसं चढलं की डोळे फुगतात. पावसाचा एक थेंबही लागत नाही. दिवस मोठा होत जाणं हीच अशा झाडांसाठी फुटण्याची खूण असावी, असं मोसमी रानांचा अभ्यास करणारे मानतात. पाऊस पुढेमागे होतो, सूर्याची चाल होत नाही. या झाडांनी पंचांग सूर्याकडून घेतलं आहे.

खोडातलं हे पाणी ही कविकल्पना नव्हे. ऐनाचं झाड आपल्याकडच्या रानात सर्वत्र आहे; सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवरून ते लांबूनही ओळखता येतं. या झाडांपैकी काही आपल्या खोडात उन्हाळ्यासाठी पाणी साठवतात, हे रानातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींच्या सांगण्यावरून एका ऐनाच्या सालीला छेद दिला, तर पाण्याची धार बाहेर आली. त्या पाण्याला उग्र वास आणि आंबट चव असते. भर उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत डोंगरावर, झाडाच्या पोटात पाणी! ते दृश्य बघितल्यावर प्रत्येक ऐनाला हात लावून बघावासा वाटतो. छेद मात्र कोणी देऊ नये. त्या पाण्यावर झाडाचा संसार अवलंबून असतो.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? पावसाळा जितका पाण्याचा, तितकाच किड्यांचाही. मृग बरसला की अळ्या, भुंगेरे, टोळ यांची फौज जागी होते, आणि त्यांना हवी असतात कोवळी पानं. चैत्रात फुटलेलं पान तोवर जून होतं, चिवट होतं. पहिल्या पावसाला ते दमदार उघडलेलं असतं. आषाढाच्या ढगांनी ऊन झाकण्याआधीचा प्रत्येक उघडा दिवस त्याच्या कामी येतो. उशिरा फुटणाऱ्या झाडाला हे दिवस मिळत नाहीत. उन्हाळ्यात पोळण्याची जी किंमत झाड देतं, तिचा मोबदला त्याला श्रावणात मिळतो.

फुलांचंही असंच आहे. पळस, पांगारा, सावर पानं गाळून मगच फुलतात, म्हणून फुलचुख्यांना आणि मैनांना ती रानाच्या या टोकावरून त्या टोकाला दिसतात. मोहाची फुलं रात्रीच्या गारव्यात उमलतात, वटवाघळांना बोलावतात आणि पहाटे टपटप गळतात. ऊन चढण्याआधी ती वेचून टोपल्या भरल्या जातात. आणि बिया! सावरीची बोंडं वैशाखात तडकतात आणि कापूस गरम वाऱ्यावर निघतो. पळसपापडी, जिच्या टोकाशी एकुलती एक बी असते, वावटळीबरोबर रानभर पसरते. निंबोळी मृगाच्या सुमारास पिकते. तिच्यातल्या बीची उगवण्याची ताकद फार दिवस टिकत नाही, तिला ओली जमीन लगेच मिळावी लागते. झाडाने फळाची वेळ अशी साधलेली असते की बी खाली पडायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडावी. म्हणजे जे ऊन आपल्याला जीवघेणं वाटतं त्याच उन्हात हे रान येणाऱ्या पावसाची सगळी मांडणी करून ठेवतं.

आता एका पानाकडे जाऊ, कारण खरी लढत तिथे आहे.

पानाच्या पाठीवर हजारो सूक्ष्म रंध्रं असतात. त्यांतून हवा आत येते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन पान अन्न करतं. पण रंध्र उघडलं की त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. ही वाफ म्हणजे निव्वळ तोटा नव्हे. एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातं. माठ जसा पाझरून गार होतो तसं पान पाझरून गार राहतं. म्हणूनच वडाच्या सावलीचा गारवा पत्र्याच्या सावलीला येत नाही. पण हा गारवा झाड पाण्याच्या मोलाने विकत घेतं. भर दुपारी, मुळांकडचं पाणी कमी पडू लागलं की पानाला निवड करावी लागते. रंध्र उघडं ठेवलं तर अन्न मिळेल, अंग गार राहील, पण पाणी संपेल. मिटलं तर पाणी वाचेल, पण अन्न थांबेल आणि पान हवेपेक्षाही काही अंश अधिक तापेल. वैशाखातल्या प्रत्येक दुपारी, रानातल्या प्रत्येक पानावर हा निर्णय घेतला जातो, आणि तो घेणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

ताण वाढला तर मुळापासून पानापर्यंत अखंड ओढली जाणारी पाण्याची बारीक धार मध्येच तुटते, तिच्यात हवेचा बुडबुडा शिरतो. तुटताना तिचा आवाज होतो. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी तहानलेल्या एरंडाच्या पानाला संवेदनशील उपकरण जोडून हे कडकड तुटणं ऐकलं होतं. एरंडाचं! जो आपल्याकडे उकिरड्यावर उगवतो आणि ज्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. तेव्हापासून दुपारच्या ज्या वेळेला आपण ‘रान निपचित पडलंय’ म्हणतो, ती वेळ मला निपचित वाटेनाशी झाली आहे.

कोवळ्या पालवीचा लाल रंगही याच लढतीतला. पान नवं असताना त्याची अन्न करण्याची यंत्रणा अपुरी असते. आलेला सगळा प्रकाश तिला पेलत नाही आणि न पेललेला प्रकाश आतल्या नाजूक रचना जाळतो. म्हणून झाड पानात अँथोसायनिन नावाचं लाल द्रव्य भरतं, जे प्रखर प्रकाशाचा काही भाग अडवून धरतं. हिरवेपण पक्कं झालं की लाली ओसरते. आंब्याची कोवळी पानं पहिले काही दिवस मान टाकल्यासारखी लोंबतात. त्यांना कोमेजलेलं समजू नये. उभ्या लोंबणाऱ्या पानावर माथ्यावरचं ऊन कमी पडतं. आपट्याचं पान दुपारी मध्यशिरेवर दुमडतं, चिंचेच्या पर्णिका मिटतात, ज्वारीचं पान सुरळी होऊन उभं राहतं. जागचं न हलता ऊन चुकवण्याच्या या किती तऱ्हा!

ज्वारीचं आणखी एक देणं आहे. उष्णता वाढली की बहुतेक वनस्पतींमधलं रुबिस्को हे विकर चुकू लागतं. कार्बन डायऑक्साइड धरायच्या ऐवजी ऑक्सिजन धरतं आणि केलेल्या कामावर पाणी पडतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांनी पानाच्या आतल्या कप्प्यांत कार्बन डायऑक्साइड दाट करून ठेवण्याची व्यवस्था केली आहे, त्यामुळे ही चूक फारशी होत नाही. दख्खनच्या तापल्या माळावर माणूस भाकरी खाऊन जगला त्यामागे पानातली ही रचना उभी आहे.

झाडाला ताप कळतो का? शंभर वर्षांपूर्वी जगदीशचंद्र बोस यांच्यापुढे हा प्रश्न एका विलक्षण रूपात आला. बंगालमधल्या फरीदपूरला, जे आज बांगलादेशात आहे, एक कललेलं शिंदीचं झाड होतं. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते झुकलेलं असे, त्याची पानं जमिनीला टेकत. सकाळी ते पुन्हा मान वर करी. लोक त्याला प्रार्थना करणारं झाड म्हणत आणि त्याच्या पाया पडायला येत. बोस यांनी त्याला आपलं नोंदयंत्र जोडलं. दिसलं ते असं: झाड दिवसरात्र हलत होतं, आणि त्याची हालचाल तापमानाच्या मागोमाग चालली होती. ऊन चढेल तसं खाली, हवा निवेल तसं वर. मला यात भाविकांचा पराभव दिसत नाही. सूर्य चढताना नमणारं आणि रात्रभरात पुन्हा उभं राहणारं झाड पाहून ज्यांनी हात जोडले, त्यांचे हात चुकीच्या ठिकाणी जोडले गेले नव्हते.

ताप कळण्याची याहून खोल जागा पेशीत आहे. १९६२ मध्ये इटलीतले फेरुच्चो रिटोसा यांना फळमाशीच्या पेशींत दिसलं की तापमान एकाएकी वाढलं की काही जनुकं जागी होतात. त्यांतून जी प्रथिनं बनतात ती उष्णतेने वेडीवाकडी होऊ घातलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवतात, त्यांची घडी मोडू देत नाहीत. पुढे हीच व्यवस्था वनस्पतींतही भरभरून आढळली. ऊन वाढताच काही मिनिटांत ती कामाला लागते. आणि तिला आठवण असते. आधी सौम्य तापातून गेलेलं रोप नंतरचा तीव्र ताप सोसतं. तोच ताप अचानक आला तर मरतं. फाल्गुनाने तापवावं, चैत्राने चढवावं, वैशाखाने कळस करावा, या क्रमाला म्हणून अर्थ आहे. आपल्या झाडांना उन्हाची दीक्षा पायरीपायरीने मिळते.

संत्र्याचे बागायतदार हे अनुभवाने जाणतात. काटोल, वरूड, मोर्शीकडे मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर सोडतात. झाड पानं सुकवतं, वाढ थांबवतं, आपलं अन्न फांद्यांत राखून ठेवतं, आणि पहिल्या पावसाबरोबर फुलांनी लगडतं. ताण कमी पडला तर फुलाऐवजी नुसता पाला येतो. जास्त झाला तर फांद्याच वाळतात. किती ताण द्यायचा हे झाडाच्या पानाकडे बघून ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या नजरेत जी काळजी असते ती आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याची असते. आणि त्याच बागेत आंबिया बहाराची बोराएवढी फळं एप्रिल-मेच्या झळांनी गळून खाली पडतात तेव्हा त्याच माणसांच्या तोंडाला कुलूप लागतं.

कारण सोसण्याला हद्द आहे, आणि क्रम मोडला की ती लवकर येते. २०२२ चा मार्च हा भारतात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गहू दाणा भरत होता. त्या आठवड्यांत त्याला गारवा हवा असतो. दाणा भरायच्या आधीच पक्व झाला, सुरकुतला. मे महिन्यात देशाला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. ऊन मे महिन्यातल्याहून अधिक होतं असं नाही. ते चुकीच्या महिन्यात आलं होतं. फुलाच्या बाबतीत तर वेळेचं माप तासांवर येतं. भाताची फुलं सकाळी थोडा वेळ उघडतात. नेमक्या त्या वेळी हवा ३५ अंशांच्या वर गेली की परागकण निकामी होऊ लागतात आणि लोंबी वरून भरल्यासारखी दिसली तरी आत पोचट राहते.

मला सर्वांत जास्त काळजी रात्रींची वाटते. दिवसाच्या उन्हाबद्दल सगळे बोलतात, पण झाडाचा विसावा रात्रीत असतो. दिवसा कमावलेलं अन्न झाड रात्री श्वसनात खर्च करतं, आणि रात्र जितकी उबदार तितका खर्च जास्त. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर १९७९ ते २००३ या काळात झालेल्या नोंदींतून दिसलं की रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं की उन्हाळी हंगामातल्या भाताचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी उतरतं. एकच अंश, आणि तोही आपण झोपेत असताना वाढलेला.

२०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उष्णकटिबंधातल्या रानांच्या माथ्यावरच्या पानांचा अभ्यास आला. अंतराळातून आणि प्रत्यक्ष पानांना तापमापकं चिकटवून केलेला. त्यात झाडांच्या पानांची अन्न करण्याची यंत्रणा कोसळू लागण्याचं सरासरी तापमान ४६.७ अंश धरलं आहे. हे पानाचं तापमान, हवेचं नव्हे. अजून वर्षाकाठी दर दहा हजार पानांत एखादंच ही रेषा ओलांडतं. पण ज्या मुलखात हवाच ४६ ला जाते, तिथे रंध्रं मिटून बसलेल्या पानाला उरलेली जागा किती, हे सांगायला नको. चैत्रात पालवणारं झाड पावसाच्या भरवशावर आपलं सर्वस्व बाहेर काढून बसलेलं असतं. सूर्याची चाल आजही ठरलेली आहे. तिच्याबरोबर येणारा ताप आणि मागून येणारा पाऊस यांचं वेळापत्रक मात्र आपण धूर सोडून हलवत आहोत, आणि त्या झाडाला ते कळण्याची काही सोय नाही.

मोठ्या झाडांबद्दल इतकं बोललं जातं की त्यांच्या पायाशी काय चाललंय ते राहून जातं. कोरड्या रानात पावसाळ्यात उगवलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात बहुधा जमिनीवर तग धरू शकत नाही. मुळं खोल गेलेली नसतात. त्याचा शेंडा वाळतो, पानं जातात, जमिनीवर एक काळी काडी उरते. पण तेंदूचं, सालाचं अशी कितीतरी रोपं खाली जिवंत असतात. पुढच्या पावसात ती पुन्हा फुटतात, पुन्हा वाळतात. दर साली वरचं जळून जातं आणि खालचं मूळ थोडं जाड, थोडं खोल होत जातं. असं वर्षानुवर्षं चालतं. मग एका पावसाळ्यात, मुळात पुरेसा साठा झाला की, रोप जे उठतं ते पुढचा उन्हाळा पार करूनच थांबतं. आज आपण ज्या तेंदूच्या सावलीत उभे राहतो त्याचं वय खोडावरून मोजलं तर ते कमीच भरेल. त्याच्याआधीची कितीतरी वर्षं ते जमिनीखाली जगलेलं असतं.

म्हणून उन्हाळ्यात रानातली काडी मेली असं समजून उपटू नये, आणि वणवा तर मुळीच लावू नये. वरचं ऊन सोसायला ते मूळ समर्थ आहे. वर्षाआड येणाऱ्या आगीने प्रत्येक वेळी मागचा साठा खर्ची पडतो आणि रोप कायमचं बुटकं राहतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग पुढे पसरते. आता काही गावांनी पाला जाळणं सोडून झाडाखाली जाळी अंथरायला सुरुवात केली आहे. फुलंही स्वच्छ मिळतात, माती लागत नाही. मार्च लागण्याआधी या जाळ्या आणखी गावांत पोचायला हव्यात, आणि जाळरेषा वेळेत साफ व्हायला हव्यात.